संकलनकालीन टाइप-सुरक्षा आणि डेटाबेस : ‘लिंक’च्या दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना : रिलेशनल डेटाबेसची संकल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तिच्यावर आधारलेली एसक्यूएल ही भाषा पुढे सर्वत्र रूढ झाली. मात्र प्रोग्रॅमिंग भाषा आणि एसक्यूएल यांच्यातील सांधा दीर्घकाळ कच्चाच राहिला. एसक्यूएलचे विधान प्रोग्रॅममध्ये सामान्यतः अवतरणचिन्हांत, निव्वळ मजकूर म्हणून लिहिले जाते आणि कंपायलर त्याचा अर्थ तपासत नाही. निकालपत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये ‘गुण’ या स्तंभाचे नाव ‘गूण’ असे पडले तरी संकलन निर्वेध पार पडते. चूक उघड होते ती प्रत्यक्ष निकाल काढताना.

हा सांधा पक्का करण्याचा एक गाजलेला प्रयत्न म्हणजे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सी शार्प ३.० सोबत आणलेली ‘लँग्वेज इंटिग्रेटेड क्वेरी’ अर्थात ‘लिंक’. प्रस्तुत लेखात तिच्या टाइप-सुरक्षेच्या दाव्याचा परामर्श घेतला आहे.

विवेचन : ‘लिंक’मध्ये तक्त्याचे वर्णन क्लासद्वारे केले जाते आणि क्वेरी ही भाषेचाच भाग बनते. परिणामी स्तंभाचे चुकीचे नाव किंवा मजकुराची संख्येशी केलेली तुलना कंपायलरच अडवतो. ही उपलब्धी निर्विवाद आहे. तथापि तिच्या तीन मर्यादा लक्षात घेणे अगत्याचे ठरते.

पहिली मर्यादा अशी की, कंपायलर क्लास तपासतो, तक्ता नव्हे. संकलनानंतर डेटाबेसमधील स्तंभ बदलला तर प्रोग्रॅम चालू असताना कोसळतोच. दुसरी मर्यादा भाषांतराची होय. स्वतः लिहिलेले सी शार्प फंक्शन टाइपदृष्ट्या निर्दोष असले तरी त्याला एसक्यूएलमध्ये प्रतिशब्द असेलच असे नाही. अशी अट असलेली क्वेरी संकलित होते आणि चालवताना नाकारली जाते. तिसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. सी शार्पमध्ये दोन ‘नल’ मूल्ये समान मानली जातात. एसक्यूएलमध्ये त्यांच्या तुलनेचे उत्तर ‘अज्ञात’ असते. ‘लिंक टू एसक्यूएल’ एसक्यूएलचा अर्थ कायम ठेवते, तर ‘एंटिटी फ्रेमवर्क कोअर’ जादा अटी घालून सी शार्पचा अर्थ जपते. म्हणजेच तीच ओळ दोन ठिकाणी भिन्न उत्तरे देऊ शकते आणि टाइप मात्र दोन्हीकडे बिनचूक!

रस्ट भाषेतील ‘एसक्यूएलएक्स’ हे साधन पहिल्या मर्यादेवर वेगळा उपाय योजते. ते एसक्यूएल तसेच ठेवून संकलनाच्या वेळी खऱ्या डेटाबेसकडून विधानाची पडताळणी करून घेते. परंतु तो डेटाबेस बहुधा विकसकाचा असतो, वापरकर्त्याचा नव्हे.

निष्कर्ष : संकलनकालीन टाइप-सुरक्षा डेटाबेसच्या वर्णनाची हमी देते, डेटाबेसच्या वर्तमान स्थितीची नव्हे आणि उत्तराच्या सत्यतेची तर नव्हेच. वर्गात हा विषय शिकवताना केवळ सोय दाखवून थांबल्यास ‘संकलित झाले म्हणजे बरोबर झाले’ असा समज विद्यार्थ्यांच्या मनात रुजण्याचा धोका संभवतो. म्हणून निर्माण होणारे एसक्यूएल विद्यार्थ्यांना वाचावयास लावणे, ‘नल’ असलेल्या नोंदींवर क्वेरी चालवून पाहणे आणि स्तंभ बदलून प्रोग्रॅमचे वर्तन तपासणे, या तीन गोष्टी प्रात्यक्षिकांत अंतर्भूत व्हाव्यात. कंपायलर हा दक्ष पहारेकरी खरा. पण त्याचा पहारा उंबरठ्यापर्यंतच असतो, हे भान अध्यापनातून दिले जाणे आवश्यक आहे.