अर्पणपत्रिकेतला माणूस आणि त्याची मोटार

चित्रपट संपून पडद्यावर नावे सरकू लागली की प्रेक्षक उठतो आणि त्याच्याबरोबर समीक्षकही उठतो. नट, दिग्दर्शक, छायालेखक, संगीतकार यांच्यापलीकडची नावे वाचण्याची आपल्याकडे रीत नाही. ती नावे ज्यांची असतात ते लोक दिवे उचलतात, केबल ओढतात, कॅमेऱ्यात फिल्म भरतात आणि रात्री सर्वांच्या नंतर घरी जातात. कसे जातात, हा प्रश्न चित्रपटसमीक्षेचा मानला जात नाही. माझ्या मते तो समीक्षेचाच प्रश्न आहे. या लेखात मी दोन अमेरिकन चित्रपटांच्या आधारे तो मांडणार आहे.

पहिला चित्रपट गॅरी रॉस यांचा ‘प्लेझंटव्हिल’. तो १९९८ साली प्रदर्शित झाला. तो तीन मृतांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. एक दिग्दर्शकाची आई. दुसरा जे. टी. वॉल्श, चित्रपटात नगराध्यक्षाची भूमिका करणारा नट. तिसरे नाव ब्रेंट हर्शमन. हा चित्रपटाच्या कॅमेरा विभागातला दुय्यम सहाय्यक होता. मार्च १९९७ मध्ये एकोणीस तास काम करून स्वतःची मोटार चालवीत घरी जात असताना त्याला झोप लागली आणि तो मेला. वय ३५, दोन मुलांचा बाप. दुसरा चित्रपट याच मृत्यूतून निघालेला, ‘हू नीड्स स्लीप?’ हा हॅस्केल वेक्सलर यांचा २००६ सालचा माहितीपट.

‘प्लेझंटव्हिल’ची कथा थोडक्यात अशी. आजच्या काळातली दोन भावंडे १९५० च्या दशकातल्या एका दूरचित्रवाणी मालिकेत जाऊन पडतात. त्या गावात सगळे काळे-पांढरे आहे. तेथे कोणाला दुःख नाही, वासना नाही, प्रश्न नाही. ग्रंथालयातली पुस्तके कोरी आहेत. गावातला मुख्य रस्ता जेथे संपतो तेथूनच तो पुन्हा सुरू होतो, आणि भूगोलाच्या वर्गात हेच शिकवले जाते. मग माणसे प्रेम करू लागतात, वाचू लागतात, चित्रे काढू लागतात आणि एकेकाला रंग चढू लागतो. ज्यांना रंग चढत नाही ते चिडतात. दुकानांवर रंगीतांना मज्जाव करणाऱ्या पाट्या लागतात, पुस्तके जाळली जातात, न्यायालयात रंगीतांना वरच्या सज्जात बसवले जाते. एक गृहिणी आपल्या चेहऱ्यावर उमटलेला रंग राखी पावडरीखाली लपवते. हे दृश्य उत्तम आहे. आपली ओळख लपवून वस्तीबाहेर राहावे लागलेल्या कोणाही वाचकाला ते समजावून सांगावे लागणार नाही.

परंतु या गावात एकही काळा माणूस नाही. ज्या पाटीने अमेरिकेतल्या निग्रो माणसाला उपाहारगृहाबाहेर, शाळेबाहेर, बसच्या मागच्या बाकावर ठेवले, ती पाटी येथे गोऱ्यांच्याच अंगावर येते आणि गोरेच तिच्यातून मुक्त होतात. वेदना एकाची आणि तिचे रूपक दुसऱ्याचे, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडे बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’पासून (१९५९) तो आपण पाहत आलो आहोत. अस्पृश्यता पडद्यावर येते, परंतु निर्णय घेणारे मन सवर्णाचेच राहते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीचे. त्यामुळे ‘प्लेझंटव्हिल’मधली ही गाळलेली जागा आपल्या डोळ्यांना लगेच दिसावी, हे स्वाभाविक आहे.

मात्र येथवरची टीका अमेरिकेतही झालेली आहे. मला त्यापुढे जावयाचे आहे. हा चित्रपट संपूर्ण रंगीत फिल्मवर चित्रित केला गेला आणि नंतर संगणकाच्या साहाय्याने त्यातला रंग काढून घेण्यात आला. अशा सुमारे १७०० चित्रचौकटींच्या मालिकांवर काम झाले. चित्रीकरण नव्वद दिवसांहून अधिक चालले. या श्रमात कॅमेऱ्याचा दुय्यम सहाय्यक कोठे असतो? मुंबईच्या सेटवर ज्याला क्लॅपर म्हणतात त्याचेच हे काम. तो पाटी धरतो, नट कोठे उभा राहील त्याच्या खुणा जमिनीवर चिकटवतो, अंधाऱ्या पिशवीत हात घालून फिल्मचे डबे भरतो आणि रिकामे करतो, प्रत्येक डब्यावर नोंद लिहितो. दिग्दर्शकाने ‘पॅक अप’ म्हटले की नटाचा दिवस संपतो. क्लॅपरचा संपत नाही. उघड झालेली फिल्म बांधून प्रयोगशाळेकडे रवाना करणे, सामान मोजून गाडीत भरणे, हे सर्व त्यानंतरचे. तो आधी येतो आणि शेवटी जातो. म्हणजे कागदावर जितके तास दिसतात त्याहून अधिक काळ तो जागा असतो.

आणि मग त्याला मोटार चालवावयाची असते.

लॉस एंजलिसमध्ये कामगाराची मोटार ही चैन नव्हे. शहर शेकडो चौरस मैलांवर पसरलेले आहे. चित्रीकरण आज एका टोकाला, उद्या दुसऱ्या टोकाला. बोलावणे पहाटेचे, सुटका मध्यरात्रीनंतरची. अशा वेळी बस वा गाडी मिळणे कठीण. म्हणून ज्याच्याजवळ चालू स्थितीतली मोटार नाही त्याला हे काम मिळणे अशक्यप्राय आहे. मोटारीचे हप्ते, विमा, पेट्रोल, दुरुस्ती हे सर्व त्याच्या खिशातून जाते. तिच्या डिकीत त्याची अवजारे, पावसाचे बूट, जाड कोट आणि बदलण्याचे कपडे असतात. दोन दृश्यांच्या मध्ये तीच त्याची विश्रांतीची खोली आणि कित्येकदा जेवणाची. निर्मात्याच्या मालकीचे ट्रक चालवायला वेगळे चालक असतात, त्यांची वेगळी संघटना असते. कामगाराची मोटार मात्र तो स्वतःच चालवतो. ती निर्मितीचे साधन आहे, परंतु तिची नोंद निर्मितीच्या खर्चात पूर्णपणे कोठेच होत नाही.

या व्यवस्थेला नियमांचे अधिष्ठान आहे. हॉलीवूडच्या करारांत शहरातल्या एका चौकाभोवती तीस मैल त्रिज्येचे वर्तुळ आखलेले आहे. बेव्हर्ली आणि ला सिएनेगा हे दोन रस्ते जेथे मिळतात तो हा चौक. वर्तुळाच्या आत कोठेही काम असले तरी कामगाराने आपल्या वाहनाने हजर व्हावे, असा सर्वसाधारण दंडक. मैलाप्रमाणे काही भत्ता मिळतो, पण प्रवासाचा वेळ कामाच्या वेळात धरत नाहीत. वर्तुळाबाहेर गेले की ने-आण आणि वेळ यांचे हिशेब बदलतात. म्हणजे माणसाच्या श्रमाची सीमा त्याच्या शरीराने ठरत नाही, ती कंपासने ठरते.

यामागे कायदाही आहे. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मातीची भांडी करणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांच्या खटल्यात निर्णय दिला की कारखान्याच्या आवारात कामाच्या जागेपर्यंत चालत जाण्याचा वेळही मजुरीस पात्र ठरू शकतो. कामगारांनी देशभर दावे लावले. मालकवर्ग हादरला आणि एका वर्षाच्या आत, १९४७ साली, काँग्रेसने ‘पोर्टल टू पोर्टल’ कायदा करून तो दरवाजा बंद केला. कामाच्या जागी जाणे आणि तेथून परतणे हा कामगाराचा खासगी मामला ठरला. हर्शमनची मोटार त्या रात्री जेथे आदळली ती जागा कायद्याच्या दृष्टीने अशी खासगी होती. एकोणीस तासांनी थकवलेले शरीर निर्मात्याच्या ताब्यातून सुटले त्या क्षणी ते त्याचे स्वतःचे झाले, त्याच्या जोखमीसह.

आता वेक्सलर यांच्या माहितीपटाकडे वळू. वेक्सलर हे हॉलीवूडमधले मोठे छायालेखक. १९६६ च्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ आणि १९७६ च्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या चित्रपटांसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. कीर्ती आणि पैसा मिळालेल्या माणसाने उतारवयात आपल्या हाताखालच्या सहाय्यकांसाठी कॅमेरा उचलावा, ही गोष्ट लहान नाही. हर्शमनच्या मृत्यूनंतर कामाच्या दिवसाला चौदा तासांची मर्यादा घालावी म्हणून हजारो सह्यांचे निवेदन तयार झाले. त्या मागणीला ‘ब्रेंटचा नियम’ म्हणत. ती मान्य झाली नाही. वेक्सलर निर्मात्यांना विचारतात, आपल्याच संघटनेच्या पुढाऱ्यांना विचारतात, आणि उत्तरे कशी टाळली जातात ते आपण पाहतो. स्वतःच्या संघटनेला पडद्यावर जाब विचारण्याचे धैर्य हा या कृतीचा सर्वांत मोठा गुण. बारा तास काम आणि बारा तास विश्रांती ही मागणी वेक्सलर २०१५ साली मृत्यू येईपर्यंत करीत राहिले.

तरीही माहितीपटाची मांडणी मला अपुरी वाटते. वेक्सलर झोपेच्या शास्त्रज्ञांकडे जातात, झोप कमी पडल्याने मेंदूवर काय परिणाम होतो ते समजून घेतात आणि मग साऱ्या समाजाच्याच निद्रानाशाकडे वळतात. सर्वांचीच झोप उडाली आहे, असा सूर लागतो. परंतु सर्वांची झोप सारख्या कारणाने उडत नाही. दिग्दर्शक जागतो तो आपल्या कलाकृतीसाठी, आणि परतीच्या वेळी बहुधा त्याच्या दिमतीला चालक असतो. क्लॅपर जागतो कारण स्टुडिओचे भाडे आणि नटाचा मेहनताना दिवसावर मोजला जातो. एक दिवस वाढवण्यापेक्षा आहे तो दिवस ताणणे, वर ओव्हरटाइम देऊनही, निर्मात्याला स्वस्त पडते. तो नकार देत नाही, कारण पुढचे बोलावणे तोंडी शिफारशीवर अवलंबून असते आणि ठराविक तास भरले तरच त्याच्या कुटुंबाला आरोग्य विमा मिळतो. हा झोपेचा प्रश्न मुळात मालकीचा प्रश्न आहे.

‘प्लेझंटव्हिल’ने रंगभेद घेतला आणि तो सर्व माणसांचा केला, तेव्हा काळा माणूस गळाला. ‘हू नीड्स स्लीप?’ने थकवा घेतला आणि तो सर्व समाजाचा केला, तेव्हा मोटारीच्या चाकामागे बसलेला विशिष्ट माणूस धूसर झाला. दोन्ही कृती सहृदय आहेत. दोन्हींत दोष एकच आहे, आणि तो सार्वत्रिकतेच्या मोहाचा आहे. दलित साहित्याने मराठी समीक्षेशी जो वाद घातला तो याच मोहाविरुद्ध होता. ‘अखिल मानवाचे दुःख’ असे म्हणणाऱ्याला आपण विचारले, कोणत्या मानवाचे? कोणत्या वस्तीतल्या? तोच प्रश्न येथे विचारला पाहिजे.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या चित्रपट कामगारांच्या संघटनेने संपासाठी मत घेतले. मत देणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांनी संपाला अनुमती दिली. त्या दिवसांत कामगारांनी आपल्या हकिकती निनावी जाहीर केल्या, आणि त्यांत चाकामागे डोळा लागल्याच्या हकिकती होत्या. संप झाला नाही. करार काठावर मंजूर झाला. दोन पाळ्यांच्या मध्ये दहा तासांची सुटी पदरात पडली. त्या दहा तासांतच घरी जाणे, जेवणे, झोपणे आणि परत येणे. फार थकलेल्या कामगाराने मागितल्यास खोली वा गाडी देण्याची सोयही करारांत आलेली आहे. पण ‘मागितल्यास’ या शब्दाकडे पाहा. ज्याची पुढची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे त्याने, मी थकलो, मला गाडी चालवता येणार नाही, असे तोंडाने कबूल करावयाचे. गावगाड्यात ज्यांना हक्काचे बलुते मागून घ्यावे लागले, त्यांना अशा सवलतीचा अर्थ ठाऊक आहे.

मुंबईत परिस्थिती वेगळी दिसते, पण तर्क तोच आहे. गोरेगावच्या चित्रनगरीतला लाइटमन वा स्पॉटबॉय मोटारीचा मालक नसतो. शेवटची लोकल चुकली की पहिल्या लोकलची वाट पाहत फलाटावर अंग टाकणारी ही माणसे मी पाहिली आहेत. ज्यांनी कर्ज काढून दुचाकी घेतली त्यांची गत हर्शमनच्या जवळ जाते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये येथील चित्रपट कामगारांच्या महासंघाने संप पुकारला, त्यात आठ तासांची पाळी ही एक मागणी होती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि १९४६ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ती मर्यादा कारखान्याच्या फाटकाच्या आतली होती. फाटकाबाहेरचा रस्ता आपल्या कायद्यात फार उशिरा आला. २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचा अपघात मानला गेला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे तत्त्व घेतले. रोजंदारीवरच्या चित्रपट कामगाराला त्याचा उपयोग व्हावयाचा तर तो कोणाचा कामगार, हे आधी कागदावर यावे लागेल. कार्यकर्त्यांनी येथे लक्ष घातले पाहिजे.

समीक्षकांकडून माझी अपेक्षा साधी आहे. चित्रपट स्वातंत्र्याविषयी, समतेविषयी बोलत असेल तर त्याचा आशय तपासावा, रूपके तपासावीत, आणि त्याबरोबर हेही विचारावे की तो किती तासांच्या पाळ्यांत तयार झाला आणि पाळी संपल्यावर माणसे कोणाच्या जोखमीवर घरी गेली. ‘प्लेझंटव्हिल’च्या शेवटी गावाचा रस्ता खुला होतो, बस दुसऱ्या गावाला जाते, आणि भावंडांतली बहीण शिकायला निघून जाते. हा शेवट मला आवडतो. त्यानंतर येणारी अर्पणपत्रिका हाही त्याच कृतीचा भाग आहे, आणि ती वाचल्याशिवाय या चित्रपटावर लिहिलेली कोणतीही समीक्षा पुरी झाली असे मी मानणार नाही.