व्यावसायिक संप्रेषणाचे अध्यापन : आराखडा आणि आशय

वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षास ‘बिझनेस कम्युनिकेशन’ हा विषय मुंबई विद्यापीठात अनेक वर्षे शिकविला गेला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विषयांची मांडणी बदलली; अध्यापनाची रीत मात्र फारशी बदललेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे.

पाठ्यपुस्तकांचा भर पत्राच्या बाह्यरूपावर असतो. पत्ता, दिनांक, विषय, समारोप यांचा क्रम पाठ करून घेतला जातो आणि गुणदानही बहुधा त्याच क्रमाने होते. एका वर्गात आम्ही पुढील प्रसंग दिला : हमीची मुदत संपल्यावर ग्राहकाने मिक्सर परत पाठविला आहे, तो बदलून देता येत नाही, असे त्यास कळवा. बहुतेक पत्रांचा आराखडा निर्दोष होता. नकाराचे कारण द्यावे काय, सशुल्क दुरुस्ती सुचवावी काय, याचा विचार मोजक्यांनीच केला होता. एका विद्यार्थ्याने ‘वी रिग्रेट द इनकन्व्हिनियन्स’ एवढे लिहून पत्र संपविले. मिक्सर मिळणार की नाही, हे ग्राहकाला शेवटपर्यंत कळले नसते! तरीही आमच्या गुणपद्धतीनुसार तो उत्तीर्ण झाला.

त्याच विद्यार्थ्यास हाच प्रसंग मराठीतून तोंडी करावयास सांगितला. “ताई, गॅरंटी मार्चमध्येच संपली. नवा देता येणार नाही. पण मोटार दुरुस्त करून देतो, खर्च आधी सांगतो.” नकार, कारण, पर्याय सर्व काही तीन वाक्यांत आले. (त्याच्या वडिलांचे दुकान आहे, हे मागाहून समजले.) कौशल्य त्याच्यापाशी होतेच, ते इंग्रजी पत्रात उतरविण्याचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नव्हते.

जुन्या मराठी पत्रांत वडीलधाऱ्यांना ‘शिरसाष्टांग नमस्कार’ व लहानांना ‘अनेक आशीर्वाद’ लिहीत. आराखडा तेथेही ठरलेलाच होता. परंतु वाचक कोण, हे ठरविल्यावाचून पहिली ओळ लिहिता येत नसे. आजचा विद्यार्थी महिला व्यवस्थापकांनाही ‘रिस्पेक्टेड सर’ असा ई-मेल धाडतो. शिवाय बँकांनी ग्राहकांसाठीचे छापील साहित्य हिंदी, इंग्रजी व प्रादेशिक भाषेत ठेवावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. म्हणजे बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्या पदवीधरास मराठीतूनही व्यवहार समजावून सांगावा लागणार. आमची प्रश्नपत्रिका मात्र केवळ लेखी इंग्रजीची.

एकशेवीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाचे पत्र दोनदा तपासणे अशक्य आहे, हा आक्षेप खरा आहे. आम्ही दुसरा मसुदा सहाध्यायींकडून तपासून घेतला. व्याकरणाच्या चुका पुष्कळ निसटल्या. परंतु ‘हे पत्र वाचून ग्राहक आता काय करील?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक तपासणाऱ्यास समासात लिहावे लागले.