मधुमेहींचे आहारशिक्षण आणि अल्पसंख्याक रुग्ण : राहाता परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :
मधुमेहाच्या उपचारात औषधाइतकेच आहारालाही महत्त्व आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडियाब' अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांच्या हाती पडणारा छापील आहारतक्ता मात्र बहुधा एकाच साच्याचा असतो. अल्पसंख्याक समाजातील रुग्णास तो कितपत उपयोगी पडतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

संशोधनाचा आधार व त्याची मर्यादा :
या विषयावरील 'कॉक्रेन' आढावा २०१४ मध्ये अद्ययावत झाला. त्यात ३३ चाचण्या व ७,४५३ रुग्णांचा समावेश होता. संस्कृतीशी सुसंगत शिक्षण मिळालेल्या रुग्णांत एचबीएवनसी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा निर्देशांक, नेहमीच्या शिक्षणाच्या तुलनेत सहा महिन्यांनी सुमारे ०.५ टक्क्याने कमी आढळला. हा निष्कर्ष आश्वासक आहे; तथापि तो जसाच्या तसा स्वीकारणे योग्य नव्हे. यातील बहुतेक चाचण्या संपन्न देशांतील असून तेथील अल्पसंख्याक रुग्ण बहुधा स्थलांतरित असतो. त्याची भाषा वेगळी आणि धान्यही वेगळे असते.

राहाता परिसराचे वास्तव :
राहाता तालुक्यातील मुस्लिम किंवा मराठी ख्रिस्ती कुटुंब हे परके नव्हे. बाजरी-ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा हे त्यांचेही रोजचे अन्न आहे. म्हणून 'मुस्लिमांचा तक्ता' व 'ख्रिस्त्यांचा तक्ता' असे वेगळे कागद छापणे हा उपाय ठरत नाही. त्यातून बिर्याणी आणि केक यांपुरतीच त्या समाजांची ओळख उरेल. भेद धान्यात कमी आणि दिनदर्शिकेत अधिक आहे. सकाळी आठला न्याहारी, दुपारी एकला जेवण असा तक्ता रमजानच्या महिन्यात निरुपयोगी होतो. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो व रोजाचा कालावधी ऋतूप्रमाणे बदलतो. त्यामुळे ठराविक वेळा छापूनही भागत नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. १३ देशांत २००१ मध्ये झालेल्या 'एपिडायर' अभ्यासात टाइप-२ मधुमेही मुस्लिमांपैकी सुमारे ७९ टक्के रुग्णांनी किमान १५ रोजे ठेवल्याचे आढळले आणि या काळात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढले. इस्लाममध्ये आजारी व्यक्तीस रोजातून सवलत आहे, तरीही अनेकांना ती घ्यावीशी वाटत नाही. अशा रुग्णास केवळ 'उपवास करू नका' असे सांगितले, तर तो रोजा सोडेलच असे नाही. कदाचित डॉक्टरांना सांगणे मात्र सोडेल. मग औषधाची मात्रा पूर्वीचीच राहते आणि धोका वाढतो. याउलट रमजानपूर्वी सहा ते आठ आठवडे भेट ठरविणे, औषधाच्या वेळा व मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेणे आणि साखर ७० मिलिग्रॅमखाली किंवा ३०० मिलिग्रॅमवर गेल्यास रोजा तत्काळ सोडावा हे समजावणे, ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे येथेही लागू पडतात.

दुसरी उणीव प्रथिनांसंबंधी आहे. मूग, पनीर, ताक एवढेच सुचविणारा तक्ता मांसाहारी कुटुंबाला केवळ निषेध सांगतो. अंडी, मासे, कमी तेलातील कोंबडी यांचे प्रमाण तो सांगत नाही. तिसरी उणीव अशी की, तक्ता रुग्णाच्या हाती दिला जातो; स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी मात्र संवाद होत नाही.

निष्कर्ष :
संस्कृतीशी सुसंगत शिक्षण म्हणजे धर्मनिहाय कागद नव्हे. तक्ता देण्यापूर्वी चार प्रश्न विचारले जावेत : घरात रोज काय शिजते? कोण शिजवते? उपवास, रोजे किंवा सण कोणते पाळता? त्या दिवशी गोळी वा इन्सुलिन केव्हा घेता? हे प्रश्न एकादशी करणाऱ्या रुग्णासही तितकेच लागू आहेत. अल्पसंख्याक रुग्णाच्या बाबतीत ते न विचारल्याची किंमत अधिक पडते, कारण छापील तक्ता त्याला गृहीतच धरत नाही आणि पुढे 'पथ्य न पाळणारा' म्हणून दोष मात्र त्यालाच लागतो. महाविद्यालयांच्या गृहविज्ञान व समाजकार्य विभागांनी या प्रश्नावलीची परिसरात चाचणी घेतल्यास तो उपयुक्त अभ्यास ठरेल.