'संघास मौल्यवान' : हार्ट चषकाच्या निकषाविषयी

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग या बर्फावरील व्यावसायिक हॉकीच्या स्पर्धेत १९२४ पासून हार्ट चषक दिला जातो. त्याचा निर्णय हॉकीविषयी लिहिणाऱ्या पत्रकारांची संघटना मतदानाने करते. निकष एवढाच, की तो खेळाडू आपल्या संघास सर्वाधिक मौल्यवान ठरलेला असावा. सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, असा प्रश्न येथे विचारलेलाच नाही. वादाचे मूळ 'संघास' या एका पदात आहे.

१९८८ मध्ये पिट्सबर्गच्या मारिओ लेम्यूने स्वतःचे गोल आणि सहकाऱ्यांच्या गोलांना केलेले साहाय्य मिळून १६८ गुण मिळविले. त्याचा संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. तरी चषक त्यालाच मिळाला. पुढच्या हंगामात त्याने १९९ गुण केले, संघाच्या निम्म्याहून अधिक गोलांत त्याचा हात होता आणि संघ बाद फेरीत गेला. या वेळी चषक मिळाला वेन ग्रेट्स्कीला. आणि त्याचे गुण किती, तर १६८!

मतदारांचा पक्ष दुबळा नव्हता. १९८८ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट्स्की एडमंटन सोडून लॉस एंजेलिसला गेला. त्याच्या नव्या संघाचे तक्त्यातील गुण एका हंगामात ६८ वरून ९१ झाले, जुन्या संघाचे ९९ वरून ८४ वर आले. खेळाडू असताना आणि नसताना संघाचे काय होते, याचे असे उभयपक्षी दर्शन क्वचितच घडते. तथापि या युक्तिवादात एक दोष उरतोच. मूल्य जर फरकावरून मोजावयाचे, तर स्थलांतर करणाऱ्याचे मूल्य दिसते. जो होता तेथेच राहिला, त्याच्या अभावाची कल्पनाच करावी लागते. लेम्यूपूर्वीचे पिट्सबर्ग कसे होते, हे १९८९ च्या मतदाराच्या नजरेसमोर नव्हते. म्हणजे निकष म्हणून जे मानले गेले ते वस्तुतः एक कथानक होते. (त्याच वर्षी खेळाडूंनी आपल्या स्वतंत्र पुरस्कारासाठी स्टीव्ह आयझरमन हे तिसरेच नाव निवडले!)

२००२ मध्ये तर माँट्रिअलचा गोलरक्षक जोझे थिओडोर आणि कॅल्गरीचा जरोम इगिन्ला या दोघांस मतदानात समान, म्हणजे ४३४ गुण पडले. पहिल्या पसंतीची २६ मते विरुद्ध २३, एवढ्यावर थिओडोर विजयी ठरला. इगिन्लाने त्या हंगामात सर्वाधिक गोल केले होते. पण कॅल्गरी बाद फेरीबाहेर राहिले होते. १९८८ मध्ये ज्या उणिवेने लेम्यूच्या चषकास बाध आणला नाही, ती येथे किती मतदारांना खटकली असेल? तेव्हाच्या मतपत्रिका गुप्त होत्या. २०१८ पासून त्या नावानिशी प्रसिद्ध होऊ लागल्या, हे इष्टच झाले. मात्र मतपत्रिकेवर नावांचा क्रम तेवढा असतो. 'मौल्यवान' या शब्दाचा कोणता अर्थ मनात धरून तो लावला, हे मतदाराने तीवर लिहावे अशी अपेक्षा नाही.