सरासरीचा निकष आणि शिखराचा दिवस

क्लाउडमधील डेटाबेसवर येणाऱ्या कार्यभाराचे पूर्वानुमान हा अलीकडील संशोधनातील एक महत्त्वाचा विषय होय. संगणकशक्ती तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळू लागल्यापासून उद्याच्या भाराचा अंदाज हा केवळ कुतूहलाचा विषय उरलेला नाही. अंदाज अधिक निघाला तर द्रव्य वाया जाते. उणा निघाला तर सेवाच कोलमडते. या दोन चुकांना समान लेखणे कितपत युक्त आहे, हा प्रश्न या क्षेत्रातील एका परिचित शोधनिबंधाच्या आधारे तपासून पाहण्याजोगा आहे.

लिन मा, अँड्र्यू पॅव्हलो व त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये सिग्मॉड परिषदेत ‘क्वेरीबॉट ५०००’ ही पद्धती मांडली. तिचा पहिला गुण असा की, देखरेख कशावर ठेवावयाची याचा तिने मुळापासून विचार केला आहे. प्रोसेसर व स्मृती यांचा वापर हा यंत्रावर आणि डेटाबेसच्या रचनेवर अवलंबून असतो. एखादा नवा इंडेक्स घातला की तीच क्वेरी हलकी होते आणि जुन्या नोंदी निरुपयोगी ठरतात. म्हणून या संशोधकांनी यंत्र किती दमले हे न मोजता कोणत्या प्रकारच्या क्वेऱ्या किती आल्या हे मोजले. क्वेरीतील विशिष्ट मूल्ये काढून तिचा साचा करावयाचा, ज्या साच्यांची भरती-ओहोटी सारखी आहे त्यांचे गट बांधावयाचे, आणि मोजक्या मोठ्या गटांपुरते अनुमान करावयाचे, असा हा क्रम आहे.

निबंधातील उदाहरणेही बोलकी आहेत. बसगाड्यांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या अ‍ॅपवरील भार प्रवाशांच्या दिनक्रमाप्रमाणे रोज चढतो व उतरतो. विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जांच्या संकेतस्थळावर मात्र अंतिम तारीख जवळ येताच भार एकाएकी उसळतो. पहिल्या प्रकाराला रेषीय प्रतिगमन व न्यूरल जाळे यांची सरासरी पुरते. दुसऱ्याला ती पुरत नाही. म्हणून लेखकांनी दीर्घ इतिहास पाहणाऱ्या कर्नल प्रतिगमनाची जोड दिली आणि नियम केला की, त्याचे अनुमान इतर दोहोंच्या सरासरीपेक्षा ठरावीक मर्यादेहून अधिक वर गेले, तर तेच ग्राह्य धरावे.

विवेचनाचा खरा मुद्दा येथेच उपस्थित होतो. हा नियम फक्त वरच्या दिशेने झुकतो. उणा अंदाज अधिक घातक आहे, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय. परंतु पद्धतींची तुलना करताना निकष घेतला आहे तो चुकीच्या वर्गाच्या सरासरीचा. वर्ग केला की चुकीचे चिन्ह नाहीसे होते. सरासरी घेतली की शिखराचा एक दिवस शेकडो साध्या दिवसांत बुडून जातो. जो विवेक नियमात दिसतो, तो निकषात दिसत नाही. इंडेक्स-निवडीचा प्रयोग करून लेखकांनी अनुमानाचा प्रत्यक्ष परिणामही तपासला, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. तथापि इंडेक्स चुकला तर काम मंदावते. क्षमता चुकली तर काम थांबते. पहिल्याची परीक्षा दुसऱ्याला लागू पडत नाही.

या दृष्टीने गूगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेली ‘ऑटोपायलट’ ही पद्धती तुलनेस घेण्यासारखी आहे. तेथे अनुमानाची अचूकता हे साध्य नसून परिणाम हेच माप आहे. राखून ठेवलेली पण न वापरलेली साधने हाताने नेमलेल्या कामांत ४६ टक्के, तर ऑटोपायलटच्या कामांत २३ टक्के आढळली. शिवाय स्मृती संपल्यामुळे गंभीर फटका बसलेल्या कामांची संख्या दहापटीने घटली. उधळपट्टी आणि कोसळणे यांचा हिशेब येथे वेगवेगळा मांडला आहे, आणि म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो.

आणखी एक अडचण निकषाच्याही मागे आहे. नोंदवहीत उतरते ती डेटाबेसपर्यंत पोहोचलेली मागणी; दारातूनच परत गेलेली मागणी नव्हे. संकेतस्थळ गर्दीने अडले की कित्येक अर्जदार निघून जातात आणि काही जण पुनःपुन्हा कळ दाबत राहतात. पहिल्यांची नोंदच होत नाही, दुसऱ्यांची अनेकवार होते. म्हणजे ज्या शिखराच्या इतिहासावर कर्नल प्रतिगमनाची सारी भिस्त, तोच इतिहास नेमका शिखराच्या क्षणी सदोष असण्याचा संभव अधिक. आणि जे शिखर प्रथमच येणार आहे, त्याला तर इतिहासच नाही.

तेव्हा या विषयावर काम करणाऱ्या अभ्यासकाने दोन पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. शिखरकाळातील चूक वेगळी काढून ती अधिक की उणी हे चिन्हासह द्यावे. आणि नाकारलेल्या विनंत्यांची नोंद स्वीकारलेल्यांइतक्याच काळजीने ठेवावी. ‘क्वेरीबॉट ५०००’ने मागणी कशी पाहावी हे शिकविले, हे तिचे ऋण मोठे आहे. परंतु अंतिम तारखेच्या रात्री ज्याचा अर्ज पोहोचला नाही, त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने वर्षभराची सरासरी अचूक होती या म्हणण्याला काहीच अर्थ नसतो. त्याचे नुकसान ज्या मापात दिसत नाही, ते माप अपुरेच म्हटले पाहिजे.