कडेवरचे लेकरू : दलित स्त्री-आत्मकथनांतील एक न वाचलेले पान

दलित साहित्यातील ‘आई’ या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. चर्चासत्रे झाली, प्रबंध झाले, विशेषांक निघाले. त्या साऱ्यांत आई एकच आहे. ती राबते, उपाशी राहते, नवऱ्याचा मार खाते आणि मुलाला शिकवते. तिच्या त्यागापुढे समीक्षक हात जोडतो आणि लेख संपतो. असे दोन लेख मीही लिहिले आहेत, तेव्हा हा आरोप प्रथम माझ्यावर आहे. आज मला एवढेच विचारायचे आहे : ही आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात होती, तेव्हा तिचे लेकरू कोणाच्या कडेवर होते?

प्रश्न साधा आहे. वस्तीतल्या कोणत्याही बाईला विचारला तर ती हसेल. पण आपल्या समीक्षेला तो सुचला नाही. का सुचला नाही, हे तपासले पाहिजे.

मला वाटते, आईची ही प्रतिमा आपण घडवलेलीच नाही. ती आपल्याला शाळेत मिळाली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. मराठी मनाने आई म्हणजे काय हे त्या पुस्तकावरून ठरवले. त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. मोळी विकायला आलेल्या एका अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून दे, असे आई श्यामला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. या प्रसंगातील करुणा आणि तिची मर्यादा यांवर आपण बोलतो, ते योग्यच आहे. पण मला आता दुसरेच दिसते. ती म्हातारी मोळी घेऊन गावात आली, तेव्हा तिच्या घरी नातवंडे कोण राखत होते? तिची सून कुठे कामाला गेली होती? त्या घराच्या आत लेखकाला जाता येत नव्हते. पण आपण तर त्याच घरातून आलो. आपण तरी आत पाहिले काय?

देव नाकारणाऱ्या, धर्मग्रंथ नाकारणाऱ्या आपल्या समीक्षेने आईचा हा पुतळा मात्र जसाच्या तसा उचलून आणला. त्याचे लुगडे तेवढे फाटके केले. घरात एकटी बसून मुलावर संस्कार करणारी आई ही ज्या वर्गाची वस्तुस्थिती असेल त्याची असो. आपली ती नव्हती. आपल्या वस्तीत लेकरू एका बाईला कधी परवडलेच नाही. ते चार बायकांनी मिळून जगवले. आणि हे सांगणारे साहित्य आपल्या हाताशी कित्येक वर्षे आहे.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून लिहिलेले हे लेखन. त्यातील बाळंतपणाची पाने मी वर्गात शिकवते, तेव्हा मुली मान खाली घालतात आणि मुले खिडकीबाहेर पाहतात. पहिलटकरीण म्हणजे स्वतःच एक पोर. तिच्या भोवती वस्तीतल्या बायका जमलेल्या. त्यांना तिची कणव आहे. पण सुटका किती जवळ आली हे पाहणाऱ्या त्याच हातांच्या नखांनी तिला जखमा होतात. जखमा पिकतात. बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही, भूक मात्र धगधगते आहे. बेबीताई यातले काहीच झाकत नाहीत. आलेल्या बायकांना त्या देवी करत नाहीत, कैदाशिणीही करत नाहीत. त्यांच्याजवळ जे होते ते त्यांनी दिले, आणि त्यांच्याजवळ दारिद्र्य व अज्ञान याखेरीज फारसे काही ठेवलेच गेले नव्हते.

याच पुस्तकात सासवांचे वर्णन आहे. जिला सारे गाव पायाखाली ठेवते, तिला सत्ता गाजवायला घरात एकच माणूस मिळते, ते म्हणजे सून. म्हणजे एकाच वस्तीत, कधी कधी एकाच बाईच्या ठायी, बाळंतिणीला शेक देणारा हातही आहे आणि सुनेला छळणारा हातही आहे. बायकांनी बायकांना दिलेला आधार या गोष्टीचा विचार करायचा असेल, तर तो या दोन्ही हातांसकट करावा लागेल. बेबीताईंचे मोठेपण मला यात दिसते. आपण मात्र त्यांच्या पुस्तकातून जातीचा जाच तेवढा उचलला आणि बाळंतिणीची खोली बंदच ठेवली.

ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ साली आले. त्याच्या आरंभीच कोकणातल्या बायका डोक्यावर ओझे घेऊन डोंगर चढून-उतरून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या दिसतात. त्या एकट्यादुकट्या जात नाहीत, घोळक्याने जातात. वडील लवकर गेल्यावर आई बांबूची आयदाने विणून घर चालवते, आणि आपल्या लिहिण्याची वीण तिच्या विणण्याशी जुळलेली आहे असे ऊर्मिलाताई म्हणतात. समीक्षकांनी या वाक्याचे फार कौतुक केले. पण एका कामटीचे आयदान होत नाही, हे कोणी म्हटले नाही. आडव्या कामट्यांना उभ्या कामट्यांचा आधार लागतो. पुढे याच पुस्तकात मुंबईची नोकरी, मुले, घर आणि एम.ए.चा अभ्यास करणारी बाई येते. गाव सुटले, घोळका सुटला. पगार आला, पण ओझे डोक्यावर चढवू लागायला हात कमी झाले. शिकलेल्या दलित स्त्रीच्या या एकटेपणाचा आपल्या विचारात समावेश झालेला नाही.

आता मी माझ्या घरात येते. आत्मकथनावर बोलणाऱ्याने आपले घर बंद ठेवू नये.

माझा जन्म बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांच्या नावावर मुकादमाची उचल. बाई बाळंत झाली म्हणून उचल फिटत नाही, आणि खाडा झाला तर दंड. मी तान्ही असताना आमच्या कोपीशेजारी आईची एक मावसबहीण आणि तिची जाऊ होती. तिघींचीही लेकरे अंगावर पिणारी. फडात जिची पात बांधाजवळ असेल, ती तिन्ही लेकरांना पाजून येई. मला मावशीचे दूध मिळाले आहे. मी एकदा आईला विचारले, “तुला काही वाटायचं नाही का?” ती म्हणाली, “काय वाटायचंय माय? लेकरू काय एकलीचं असतंय व्हय?”

हे वाक्य ऐकून माझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला भरून येते. पण भरून येण्यावर समीक्षा थांबली की पुन्हा पुतळाच तयार होतो. म्हणून आईने सांगितलेली दुसरी गोष्टही लिहिते. कोप्यांच्या रांगा जातीजातीच्या होत्या. आमची शेवटची. एका रात्री आई गाडी भरायला गेली होती आणि मी भुकेने रडत होते. पलीकडच्या रांगेतली एक ओली बाळंतीण कोपीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तिचा पान्हा सुटून चोळी भिजली होती. पण दोन रांगांमधली चार पावलांची वाट तिने ओलांडली नाही. आई तिच्याविषयी रागाने बोलत नाही. “तिला बी सासू होती,” एवढेच म्हणते. आई ही जात नसते, असे व्याख्यानांतून सांगणाऱ्यांनी त्या चार पावलांचे काय करायचे ते सांगावे.

आणि आता शेवटचे, जे सांगायला मला सर्वांत जड जाते. तिन्ही बायका फडात असत, तेव्हा बांधावर तीन लेकरे कोण सांभाळी? माझी अक्का. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मी तिच्या कडेवर, मावशीचा मुलगा झोळीत, आणि जावेची रांगती पोर उसाकडे जाऊ नये म्हणून पायाला दोरी लावून बाभळीला बांधलेली. अक्का चौथीत होती. दिवाळीनंतर फडावर गेली ती शाळेत परत गेलीच नाही. पुढे मी शाळेत गेले, वसतिगृहात राहिले, एम.ए. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून वस्तीने माझा सत्कार केला, तेव्हा अक्का मागे उभी राहून कोणाचे तरी लेकरू थोपटत होती.

येथे मला आपल्या सर्व आत्मकथनांविषयी एक गोष्ट जाणवते. ती लिहिली कोणी? जी कडेवर होती तिने. जिने कडेवर घेतले तिने नाही लिहिले. आईविषयी आपण लिहितो, कारण आईचे ऋण मान्य करण्याची भाषा आपल्याला मिळालेली आहे. थोरल्या बहिणीच्या ऋणाला भाषाच नाही. ती आई नाही म्हणून तिचा गौरव नाही, आणि ती शिकली नाही म्हणून तिचे पुस्तक नाही. बायकांनी एकमेकींची लेकरे जगवली हे खरे. पण त्या परस्परांच्या मदतीचा हिशेब पुष्कळ वेळा एका पोरीच्या शाळेतून चुकता झाला, हेही तितकेच खरे. दलित साहित्याला ‘मूक’ माणसाचे साहित्य म्हणायचे, तर या मुकीचे काय?

बाबासाहेबांनी हा प्रश्न भावनेवर सोडला नव्हता. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, आणि स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्यातला वाटा दिला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची परिषद भरली. तिथे त्यांनी स्त्रियांना सांगितले, की मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देणे हा गुन्हा आहे. या दोन्ही ठिकाणी त्यांनी आईच्या त्यागाची आरती ओवाळली नाही. तो त्याग तिला करावाच लागू नये, असा मार्ग ते शोधत होते.

तो मार्ग कुठवर आला? १९६१ साली देशाचा प्रसूतिलाभ कायदा झाला. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्याबरोबर अंगणवाडी. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतल्या गेल्या. हे सारे कागदावर आहे आणि महत्त्वाचे आहे. पण उसाच्या फडात मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम उचलीच्या वहीकडे. हजेरीपटच नाही तिथे रजा कशाची मागायची? अंगणवाडी गावात राहते आणि लेकरू सहा महिने फडावर असते.

फड सोडा. माझी मुलगी झाली तेव्हा मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. दुसऱ्या महिन्यात मी वर्गावर गेले. मुलीला सांभाळायला कोण आले? अक्काच आली. मी वर्गात ‘जिणं आमचं’ शिकवत होते आणि भाड्याच्या खोलीत अक्का माझ्या लेकीला झोळीत झोपवत होती. तीन आठवड्यांनी मला कळले, की गावाकडे अक्काची आठवीतली मुलगी स्वयंपाक आणि धाकट्या भावासाठी शाळा बुडवून घरी राहिली आहे. एका पिढीत जे माझ्या आईने नाइलाजाने केले, ते दुसऱ्या पिढीत मी पगाराच्या अर्ध्या कागदासाठी करत होते. त्या रात्री मला जेवण गेले नाही. सकाळी अक्काला गाडीत बसवून दिले. ती रागावली. “आता तुझं कसं हुईल?” म्हणाली. तिच्या पोरीचे कसे होईल, हे तिने विचारले नाही. ते विचारायला तिला कोणी शिकवलेच नव्हते.

मग आम्ही तिघी तासिकेवरच्या बायकांनी वेळापत्रक जुळवले. एकीचा तास, तेव्हा दुसरी मोकळी. प्राध्यापिकांच्या खोलीत एक पाळणा आला. त्यावर वरून विचारणा झाली, आम्ही उत्तर दिले, वर्ष निघाले. आमच्या तिघींच्या जाती वेगळ्या होत्या आणि पाळणा एक होता. फडावरची ती चार पावले इथे तेवढी ओलांडली गेली, याची मी नोंद करते. पण याचाही मी पुतळा करणार नाही. तो उपकार होता, हक्क नव्हता. आमच्यातली एक पुढच्या वर्षी गेली आणि पाळणा माळ्यावर गेला.

म्हणून माझे म्हणणे दोन बाजूंचे आहे. कार्यकर्त्यांनी पाळणाघराची मागणी बायकांची किरकोळ सोय म्हणून यादीच्या तळाशी ठेवू नये. ज्या दिवशी फडाच्या बांधावर पाळणाघर असेल, त्या दिवशी नऊ वर्षांची एक मुलगी शाळेत बसलेली असेल. शिक्षणाच्या हक्काची लढाई तिथेही आहे. आणि समीक्षकांनी, विशेषतः माझ्या विद्यार्थ्यांनी, आत्मकथने पुन्हा वाचावीत. वाचताना प्रत्येक पानावर विचारावे, की या क्षणी लेकरू कोणाजवळ आहे. उत्तर पुस्तकात सापडले नाही, तर घरी जाऊन थोरल्या बहिणीजवळ बसावे. ती आधी म्हणेल, माझ्याजवळ सांगण्यासारखे काय आहे. थोडे थांबावे. वही उघडी ठेवावी.

मी या दिवाळीत अक्काजवळ बसले होते. तिला त्या बाभळीची जागा अजून आठवते. तिथून तिला कारखान्याचे धुराडे दिसे आणि वेळ कळे. तिने दोन संध्याकाळी सांगितले, मी लिहून घेतले. तिची मुलगी यंदा दहावीला आहे. ती शेजारी बसून ऐकत होती. माझे काही शब्द चुकले, ते तिने दुरुस्त केले.