पाचशे दहा गुणांचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझा अकरा वर्षांचा नातू दिवाणावर पालथा पडून खेळत होता. पडद्यावरचा मुलगा एकाच रस्त्यावर सायकलच्या फेऱ्या मारत होता. काही फेऱ्या झाल्या की एक अंडे फुटे, त्यातून निळ्या कुत्र्यासारखे पिल्लू बाहेर येई. नातू त्याच्या नावापुढचे काहीतरी वाची आणि त्याला सोडून देई. पुन्हा सायकल, पुन्हा अंडे.

"का रे सोडतोस?" मी विचारले.

"आयव्ही बाद आहेत, आजोबा. ठेवून काय करायचं?"

मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत वेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर एकदोनदा उच्चारलेही आहे. म्हणून ते मनात रुतले. त्यानंतर वर्षभर मी नातवाच्या शेजारी बसून हा पोकेमॉन नावाचा खेळ पाहिला. एखादी कादंबरी वाचावी तसा तो वाचला म्हणा ना. दिवाळी अंकात त्यावर समीक्षा लिहावी इतका मजकूर त्यात आहे, असे माझे मत झाले आहे.

खेळ जपानचा. सातोशी ताजिरी या गृहस्थांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या नादातून त्यांना ही कल्पना सुचली आणि १९९६ साली निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी त्यांच्या गेम फ्रीक या संस्थेने पहिला खेळ काढला. त्यात १५१ प्राणी होते. प्राणी पकडायचे, वाढवायचे, लढवायचे. वरवर एवढेच. पण किडे जमवणाऱ्या मुलाला एक गोष्ट नेमकी ठाऊक असते : एकाच जातीचे दोन भुंगे कधी सारखे नसतात. या खेळाचा सगळा आशय मला या एका निरीक्षणात दिसतो.

हे वेगळेपण खेळाने आकड्यांत मांडले आहे. आजच्या खेळांत प्रत्येक प्राण्याचे सहा गुण असतात : जीवनशक्ती, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. प्रत्येक गुणामागे दोन आकडे दडलेले असतात. पहिला जन्मतः मिळालेला, ० ते ३१ मधला कोणताही. मुले त्याला आयव्ही म्हणतात. आपण उपजत गुण म्हणू. दुसरा मेहनतीचा, म्हणजे ईव्ही. हा कसा मिळतो ते मोठे गमतीचे आहे. तुम्ही ज्याला हरवाल त्याचा गुण तुमच्यात थोडा उतरतो. झुबॅट नावाचे वटवाघूळ हरवले की वेगाचा एक गुण. जिओड्यूड हा दगड हरवला की बचावाचा एक. असे चार गुण साठले की शंभराव्या पातळीवर प्रत्यक्षात एकाची वाढ होते. कोणी विचारपूर्वक, वहीत नोंदी ठेवून, एकाच जातीच्या प्राण्यांशी दोनशे बावन्न वेळा लढतो, तर कोणी समोर येईल त्याच्याशी. दोघांचे प्राणी शेवटी एकाच पातळीवर पोचतात, पण सारखे नसतात.

यातली खरी कलात्मक निवड आली ती २००२ साली, रूबी आणि सफायर या खेळांत. त्याआधी मेहनतीच्या बेरजेला मर्यादा नव्हती. चिकाटी असेल तर सगळेच रकाने काठोकाठ भरता येत. २००२ पासून सगळ्या मेहनतीची बेरीज ५१० वर थांबली. एका गुणाला उपयोगी पडतात २५२. म्हणजे दोन रकाने पुरे भरले की उरतात फक्त सहा. वेगवान करायचा तर बचावावर पाणी सोडायचे. शिवाय त्या मूळ खेळांत चुकीच्या ठिकाणी गेलेले गुण मागे घेण्याची सोय नव्हती. ते कमी करणारी फळे २००४ च्या एमराल्डमध्ये आली. निवड करा आणि तिच्यासकट जगा, असे सांगणारी ही रचना मला फार प्रौढ वाटली. मुलांच्या खेळात ती यावी याचे आश्चर्य वाटले आणि आदरही.

आता तक्रार. उपजत गुणांच्या बाबतीत हा खेळ तोंडाने एक बोलतो आणि आकड्यांनी दुसरेच करतो. १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये कॅरेन नावाची एक पट्टीची खेळाडू भेटते. बलवान प्राणी आणि दुबळा प्राणी हा भेद माणसांच्या स्वार्थी नजरेतला आहे, खरा खेळाडू आपल्या आवडत्या प्राण्यांसह जिंकायला बघतो, अशा अर्थाचे ती बोलते. उत्तम. पण प्राण्यांची पैदास करण्याची सोयही आली ती याच खेळात! आईबापांचे उपजत गुण पिल्लांत उतरतात हे कळल्यावर खेळणाऱ्यांनी काय केले असेल ते आमच्या दिवाणावर दिसतच होते. सहाही गुण ३१ असलेला प्राणी निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता शंभर कोटींत एकाहूनही कमी, हा हिशेब मी स्वतः कागदावर केला. म्हणून मग अंडी, अंडी आणि अंडी. नातू सोडून देत होता त्या पिल्लाचे नाव रिओलू. ते मोठे होऊन लुकारिओ बनते ते केवळ पाळणाऱ्याशी मैत्री वाढली तरच, तेही दिवसाउजेडी. मैत्रीवाचून ज्याची वाढ नाही असे पिल्लू जन्मल्या क्षणी आकडा पाहून सोडायचे! यातला विरोध लेखकाने मुद्दाम योजला असता तर मी त्याला श्रेष्ठ उपरोध म्हटले असते. इथे तो योजलेला दिसत नाही, राहून गेलेला दिसतो.

निर्मात्यांनाही तो जाणवला असावा. २०१६ च्या सन आणि मून या खेळांत शंभराव्या पातळीला पोचलेल्या प्राण्याला बाटलीचे बूच देऊन खास शिक्षण देता येऊ लागले. त्यानंतर त्याचा गुण ३१ असल्यासारखाच धरला जातो. जन्माने नाकारलेले कष्टाने मिळाले, याचा मला आनंद झाला. पण बारकाईने पाहिले तर मूळ आकडा पुसला जात नाही. त्या प्राण्याला पिल्लू झाले तर वारशात जातो तो जुनाच आकडा. २०१९ च्या खेळांत स्वभाव बदलणारा पुदिना आला, त्याचीही तीच तऱ्हा : परिणाम बदलतो, स्वभावाचे नाव जुनेच राहते. हा न्याय अर्धा आहे. तरीही केवळ जन्माच्या आकड्यापेक्षा तो बरा, असे मी म्हणेन.

हे सगळे मी इतक्या आस्थेने का लिहितो आहे, ते सांगायला हवे. आमचे घर बेळगावचे. नातू शाळेत इंग्रजीतून शिकतो, दुसरी भाषा कन्नड, आणि घरात मराठी. सूनबाई परवा काळजीने म्हणाली, "बाबा, कन्नडच्या शिकवणीला घातलं तर त्याचं मराठी वाचन सुटेल." मी मान डोलावली आणि मग एकदम ओशाळलो. आम्ही दोघेही ५१० चाच हिशेब करत होतो : एका रकान्यात घातले की दुसऱ्यातून गेले. आपल्या सीमाभागात हा हिशेब घरोघरी चालतो. वेळेपुरता तो खराही आहे. दिवसाचे तास कोणाला वाढवून मिळत नाहीत. पण भाषेचे तसे नसते. याच पोराने खेळाचे नियम इंग्रजीत वाचले, मला मराठीत समजावले आणि शेजारच्या मुलाला कन्नडमध्ये. मला समजावताना 'उपजत' हा शब्द मी त्याला दिला, तर दुसऱ्या दिवशी तो त्याला कन्नडमध्ये काय म्हणतात ते शेजारून विचारून आला. कुठल्या रकान्यातून काय वजा झाले ते मला दिसले नाही.

खेळातली मर्यादा खेळाला शोभते, तिच्यामुळेच त्याला घाट येतो. ती उचलून मुलावर लावली की चूक होते, आणि ही चूक खेळाची नव्हे, आपली.

शेवटी मी नातवाकडे एक रिओलू मागून घेतला. बाद ठरलेला, त्याच्या वेगाचा उपजत आकडा शून्य. नातवाने नाक मुरडले, पण दिला. आम्ही दोघांनी मिळून तो वाढवला, २५२ हल्ल्याला आणि २५२ वेगाला. आता तो मोठा झाला आहे, आणि अधूनमधून हरतोही. उरलेले सहा गुण कुठे घालायचे यावर आमचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.